किल्ल्याभोवतीची शर्यत

दिवाळीच्या सुटीत आमच्या अंगणात किल्ला होतो. विटांचे तुकडे, त्यांवर ओले गोणपाट, त्यावर तांबड्या मातीचा लेप, उतारावर अळिवाचे हिरवे रान, माथ्यावर महाराज आणि बुरुजाबुरुजांवर मावळे, असा त्याचा थाट असतो. मावळ्यांपैकी निम्म्यांचे भाले मोडलेले आहेत आणि एका गोलंदाजाचे मुंडके गेली चार वर्षे डिंकाच्या आधारावर टिकून आहे. पण गडाच्या राखणीला एवढी शिबंदी पुरते. किल्ला असतो धाकट्या मुलीचा, घाम असतो तिच्या थोरल्या भावाचा आणि सूचना असतात माझ्या. मी शाळेत चित्रकला शिकवतो. न मागितलेल्या सूचना देण्याचा मला वीस-बावीस वर्षांचा सराव आहे.

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी मी बाजारातून परतलो, तर किल्ल्याच्या पायथ्याशी काही निराळेच दिसले. जिथे दरवर्षी आरशाच्या तुकड्याचे तळे असते, तिथून एक काळी वाट निघाली होती. कोळशाची पूड घालून ती चांगली घोटलेली होती. गडाला वळसा घालून, तुळशीवृंदावनाच्या मागून, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन ती पुन्हा तळ्याशी येऊन मिळत होती. आणि त्या वाटेवर, मावळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, शाडूची एक मोटार उभी होती.

मोटार साधली होती, हे कबूल केले पाहिजे. बसकी, रुंद, नाकाशी उतरती. पाठीवर एक आडवे फळकूट, पक्ष्याने पंख पसरावा तसे. दारावर 59 हा आकडा. पण मास्तराचा डोळा चुका शोधायला सोकावलेला असतो. त्याला चूक दिसली.

"अरे, हा ड्रायव्हर मधोमध कसा बसवलास? आपल्याकडे तो उजवीकडे बसतो, अमेरिकेत डावीकडे बसतो. मधोमध बसतो तो टांगेवाला."

"ह्या गाडीत मधेच बसतो, बाबा," चिरंजीव मान वर न करता म्हणाले.

"असं? आणि दहावीतला मुलगा कुठे बसतो? अभ्यासाला, का चिखलात?"

तो काही बोलला नाही. टाकीवर जाऊन हात धुतले आणि आत निघून गेला. धाकटी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. "बाबा, तुम्ही नेहमी असंच करता," एवढेच म्हणून तीही गेली. गडावर महाराज, मावळे आणि मी, एवढेच उरलो.

मी असे का करतो, हे सांगायचे तर जरा मागे जावे लागेल.

माझे शिक्षण मॅट्रिक. आता त्या परीक्षेला कोणी मॅट्रिक म्हणत नाही. पण आमच्या घरात वडिलांच्या तोंडी तोच शब्द होता आणि मलाही तोच जवळचा वाटतो. 1995 च्या जून महिन्यात माझा निकाल लागला. मी सोळा वर्षांचा होतो. मला कॉलेजात जायचे होते, मराठी घ्यायचे होते, पुढे जमले तर तेच शिकवायचे होते. वडिलांनी शांतपणे सांगितले, की तुझा हात चित्रकलेत बरा आहे, चित्रकला-शिक्षकाची पदविका घे, चार-पाच वर्षांत नोकरी लागेल. नोकरी लागली. तिच्यावर घर चालले, बहिणीचे लग्न झाले. वडील चुकले असे कोणी म्हणणार नाही. मीही उघडपणे कधी म्हटले नाही.

पुढे रात्री जागून मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन वाचकांनी बऱ्यापैकी वाचल्याही. एकदा एका गावच्या साहित्य-मेळाव्यात मला बोलावले. पत्रिकेवर माझ्या नावामागे 'प्रा.' छापले होते. व्यासपीठावर चढण्यापूर्वी एका उत्साही कार्यकर्त्याने विचारले, "सर, कुठल्या कॉलेजवर?" मी सांगितले, कॉलेज नाही, शाळा, चित्रकला, आणि शिक्षण मॅट्रिक. तो भला माणूस. चूक राहू नये म्हणून त्याने टेबलावरच्या पत्रिका घेतल्या आणि एकेकीवरचे ते 'प्रा.' निळ्या शाईने खोडले. रेघ अगदी सरळ मारली होती. मी चित्रकलेचा शिक्षक असल्यामुळे ते माझ्या लक्षात आले.

त्या दिवसापासून माझी राहून गेलेली पदवी मी मुलाच्या दप्तरात भरत आलो होतो. तो इंजिनिअर होणार हे मी ठरवून टाकले होते. त्याला यंत्रांची आवड आहे, म्हणजे इंजिनिअर होणे हे त्याच्याच मनासारखे आहे, अशी स्वतःची समजूतही घातली होती. तो मात्र दर रविवारी कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिस्त्रींच्या हाताखाली पाने देत बसायचा आणि घरी येताना ऑइलचा वास घेऊन यायचा.

नरकचतुर्दशीच्या पहाटे चारला मी बंब पेटवायला उठलो. सगळीकडे सामसूम होती. न्हाणीघराशी वाटीत भिजवलेल्या उटण्याचा वास दरवळत होता. बाहेरच्या खोलीत निळसर उजेड दिसला. चिरंजीव पांघरुणात बसून फोनवर काहीतरी बघत होते, आवाज बंद करून. मला बघताच त्याने फोन उलटा केला. तोंडाशी आलेले वाक्य मी त्या दिवशी का गिळले, कोण जाणे. सणाची पहाट होती म्हणून असेल, किंवा धाकटीचे शब्द अजून कानात होते म्हणून असेल. मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हटले, "बघू."

पडद्यावर रात्र होती आणि पाऊस होता. त्या पावसातून दिव्यांच्या जोड्या धावत होत्या. त्यांच्या मागे पाण्याचे फवारे उडत होते. एक गडद रंगाची बसकी मोटार वळणावर मागून किंचित घसरली आणि सावरली. दारावर आकडा होता 59.

"ही ती," तो हळूच म्हणाला. आणि मग, मी काही खोडून काढत नाही असे दिसल्यावर, त्याने मला तिची सगळी कथा सांगितली. त्याने सांगितलेले आणि पुढे मी स्वतः वाचून काढलेले, असे मिळून ते इथे सांगतो.

ह्या कथेची सुरुवात एका हरलेल्या शर्यतीपासून होते. 1988 साली मॅकलरेन ह्या इंग्रज कंपनीच्या मोटारींनी फॉर्म्युला वनच्या सोळा शर्यतींपैकी पंधरा जिंकल्या. हरल्या ती एकच, इटलीतली. ती आटोपून परतताना मिलानच्या विमानतळावर विमानाला उशीर झाला आणि खोळंबलेल्या चार माणसांत गोष्ट निघाली, की आता रस्त्यावर चालवायची एक मोटार करावी. अशी, की तिच्यापुढे काही उरू नये. त्या चौघांत एक गॉर्डन मरे होता. हा गृहस्थ दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, म्हणजे जिथे 1893 साली गांधीजी बोटीतून उतरले त्या गावचा. तिथे तरुणपणी त्याने स्वतःच्या हाताने एक मोटार बांधून शर्यतीत चालवली आणि 1969 साली तो इंग्लंडला आला. त्याने आखलेल्या मोटारी घेऊन ब्रॅबम संघाच्या चालकाने 1981 आणि 1983 साली जगज्जेतेपद मिळवले होते. मरे कागद-पेन्सिल घेऊन फळ्यावर नकाशे काढणारा माणूस, हे ऐकून मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली.

त्याने आखलेली ती मोटार, मॅकलरेन एफ-वन, 1992 च्या मे महिन्यात मोनॅकोत लोकांपुढे आली. तिच्यात बैठका तीन. चालक मधोमध, अगदी पुढे. त्याच्या दोन्ही बाजूंना, थोड्या मागे सरकवलेल्या, दोन सोबत्यांच्या. मध्ये बसले की दोन्हीकडचा रस्ता सारखा दिसतो, हे त्यामागचे साधे कारण. अंगकाठी सगळी कार्बनच्या धाग्यांची. म्हणून वजन अवघे साडेअकराशे किलोंच्या आत, आपल्याकडच्या साध्या कुटुंबवत्सल मोटारीएवढे. इंजिन मात्र बी.एम.डब्ल्यू.च्या पॉल रोशे ह्यांनी घडवलेले, बारा सिलिंडरांचे, 627 अश्वशक्तीचे. ब्रेक किंवा सुकाणू हलके करणारे कुठलेही यंत्र तिच्यात नाही. चालवणारा आणि रस्ता ह्यांच्यामध्ये मध्यस्थ नको, असा मरेचा आग्रह होता. 1998 साली ही मोटार ताशी 386 किलोमीटरच्या वेगाने धावली.

"आणि इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावलाय," चिरंजीव म्हणाले.

एव्हाना सौ. उठून दारात उभी होती. "सोन्याचा? किती?"

"सोळा ग्रॅमच्या आसपास. उष्णता परतवायला सोन्यासारखं दुसरं काही नाही म्हणून."

"दीड तोळा!" सौ. म्हणाली, आणि माझ्याकडे एक दृष्टिक्षेप टाकून पाणी तापले का ते बघायला गेली. एखाद्या इंजिनाला आपल्यापेक्षा अधिक दागिने असावेत, हे तिला पटलेले दिसले नाही.

ही मोटार शर्यतीसाठी केलेली नव्हती. मरेने जन्मभर शर्यतीच्या मोटारी आखल्या होत्या; ही रस्त्यासाठी होती. दोन माणसांना शेजारी घेऊन, बॅगा भरून, गावाला जावे अशी. त्या बॅगांसाठी दोन्ही अंगांना, मागच्या चाकांच्या पुढे, खास कप्पे होते आणि त्या कप्प्यांच्या मापाच्या बॅगाही शिवलेल्या होत्या. पण रे बेल्म आणि टॉमस ब्शेर हे दोघे तिच्यामागे लागले. ब्शेर हा पेशाने बँकवाला. त्या सुमारास युरोपात अशाच रस्त्यावरच्या वेगवान मोटारींच्या शर्यतींची एक नवी मालिका सुरू झाली होती. हिला तिथे उतरवा, असा दोघांचा हट्ट. अखेर मरे तयार झाला आणि 1995 साठी शर्यतीचा अवतार बांधला गेला. त्याचे नाव एफ-वन जी.टी.आर.

"आता सांगा बाबा," चिरंजीवांनी मला विचारले. शिक्षकाच्या घरात प्रश्न मुलाने विचारावा, ही गोष्ट विरळा. "रस्त्याच्या गाडीची शर्यतीची गाडी करायची. पहिल्यांदा काय केलं असेल?"

"मोठं इंजिन बसवलं असेल."

"नाही. सामान उतरवलं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो आपल्या नादात बोटे मोडत सांगत होता. दोन्ही बाजूंच्या बैठका काढल्या. मऊ अस्तर काढले, गाणी ऐकण्याचे यंत्र काढले. बॅगांचे कप्पे गेले आणि त्या जागी आत वारा घेण्याच्या वाटा केल्या, आतला भाग थंड राहावा म्हणून. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा आला, ब्रेक कार्बनचे झाले, पाठीवर तो पंख आला; वेगाने जाताना वारा त्या पंखाला खाली दाबतो आणि चाके रस्ता सोडत नाहीत. इंजिन मात्र तेच, गिअर हाताने बदलायचे तेही तसेच. उलट शर्यतीच्या नियमाप्रमाणे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तोंडाशी एक आवळ कडी बसवावी लागली. त्यामुळे शक्ती 627 वरून सहाशेच्या घरात आली.

"म्हणजे शर्यतीची गाडी रस्त्याच्या गाडीपेक्षा अशक्तच की!"

"अशक्त नाही, मोकळी," तो म्हणाला. "ताकद आधीच भरपूर होती, बाबा. ओझं जास्त होतं."

हे वाक्य त्याने कुणाला उद्देशून म्हटले नव्हते. सोळा वर्षांची मुले आडून बोलत नाहीत. ती मोटारीविषयी बोलत असली, तर मोटारीविषयीच बोलत असतात. पण बंबात लाकूड तडतडले आणि मी उगाच दचकलो.

तिचे पदार्पण 1995 च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या हेरेस इथे झाले. शर्यत चार तासांची. तीत जिंकला तो खुद्द रे बेल्म, ज्याने हट्ट धरला होता तोच, आणि त्याचा ब्राझिलचा जोडीदार सांद्रो साला. पहिल्याच पावलाला यश. तरी लोक म्हणत, चार तासांचे ठीक आहे. खरी परीक्षा जूनमध्ये आहे.

ती परीक्षा म्हणजे फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत. 1923 पासून चालत आलेली. एक फेरी साडेतेरा किलोमीटरांहून थोडी मोठी, आणि तिचा बराचसा भाग म्हणजे एरवी लोकांच्या रहदारीचे रस्ते. शनिवारी दुपारी सुरू झालेली शर्यत रविवारी दुपारी संपायची. एका मोटारीवर तीन चालक, आळीपाळीने. आणि समोर कोण, तर खास ह्याच कामासाठी बांधलेल्या उघड्या मोटारी, ज्यांनी आयुष्यात कधी बॅगा वाहिलेल्या नाहीत. पुढच्या रांगांत त्याच होत्या. सात मॅकलरेन उतरल्या. त्यांतली 59 क्रमांकाची तर कंपनीने चाचण्यांसाठी फिरवलेली, म्हणजे आधीच पुष्कळ राबलेली मोटार होती.

त्या वर्षी तिथे पाऊस लागला तो थांबेना. शर्यतीचा बहुतेक काळ रस्ता ओलाच होता. हलक्या, तापट मोटारी बिघडत आणि घसरत गेल्या. 59 क्रमांकावर फिनलंडचा जे. जे. लेहटो, फ्रान्सचा यानिक दालमास आणि जपानचा मासानोरी सेकिया असे तिघे होते. रात्रीच्या पावसात लेहटोने ती अशी काही हाकली, की बाकीचे चाचपडत चालले होते आणि हा एकटा घरच्या अंगणात असल्यासारखा जात होता. आम्ही पाहत होतो ते दृश्य त्याच रात्रीचे.

पण माझे लक्ष दुसऱ्याच एका मोटारीने वेधून घेतले. तीही मॅकलरेनच, पिवळी-हिरवी, क्रमांक 51. तिच्यावर अँडी वॉलेस होता आणि त्याच्याबरोबर डेरेक बेल व जस्टिन बेल.

"भाऊ?" मी विचारले.

"बाप-लेक."

बाप 53 वर्षांचा, ही शर्यत पाच वेळा जिंकलेला. लेक त्याच्याच मोटारीवर. कितीतरी तास त्यांची मोटार सर्वांच्या पुढे होती. रविवार उजाडला तरी पुढेच होती. मग शेवटी-शेवटी तिला क्लचचे दुखणे लागले, गिअर पडेनात, आणि अखेरच्या दोन तासांत 59 क्रमांक तिच्यापुढे निघून गेला. चोवीस तास संपले तेव्हा 59 च्या 298 फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. दुसरी आलेली खास शर्यतीची मोटार फक्त एका फेरीने मागे. तिच्यावर 55 वर्षांचा मारिओ आंद्रेत्ती होता. तिसरी बाप-लेकांची. चौथी आणि पाचवी पुन्हा मॅकलरेन. सेकिया हा ल माँ जिंकणारा पहिला जपानी ठरला. जी मोटार शर्यतीसाठी जन्मलीच नव्हती, तिने पहिल्याच खेपेला जगातली सर्वांत अवघड शर्यत मारली होती.

"कधीची रे ही?" मी विचारले.

"17 आणि 18 जून 1995."

मी गप्प झालो. त्याच जून महिन्यात माझा निकाल लागला होता. त्याच जूनमध्ये, आढ्यावर पाऊस वाजत असताना, वडिलांनी पदविकेचा अर्ज माझ्यापुढे ठेवला होता आणि मी मान खाली घालून सही केली होती. तीस वर्षे मी तो पाऊस विसरलो नव्हतो. आणि तिकडे त्याच दिवसांत दुसऱ्या एका पावसात एक बाप आणि एक लेक एकाच मोटारीवर आळीपाळीने बसत होते.

"बाप चालवायचा तेव्हा मुलगा कुठे बसायचा?" मी विचारले. प्रश्न वेडगळ होता. उत्तर मला आधीच सांगून झाले होते.

"बाहेर, खड्यात उभा. बाबा, शर्यतीच्या गाडीत बसायला जागा एकच, मधली. बाप उतरल्याशिवाय मुलाला बसता येत नाही."

आतून सौ.ची हाक आली. पाणी तापले होते.

त्या पहाटेने काही चमत्कार केला, असे समजू नका. मास्तर एका रात्रीत बदलत नाही. परीक्षा झाली, यंदाच्या मे महिन्यात निकाल लागला. चिरंजीवांना 64 टक्के मिळाले. मी विज्ञान शाखेच्या प्रवेशाची चौकशी करू लागलो. एक दिवस वर्तमानपत्राखाली मला दुसराच कागद सापडला: आय.टी.आय.मधल्या मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाची माहिती. वर पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, पालकाच्या सहीची जागा खुणेने दाखवलेली. त्याने मला विचारले नव्हते. विचारायचे धैर्य होईना, म्हणून कागद माझ्या वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवला होता. मीही 1995 साली असे काही करू शकलो असतो. मला सुचले नाही.

दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅरेजात गेलो. मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली होते. मला पाहून बाहेर आले, हात पुसून स्टूल पुढे केले.

"गुरुजी, पोराचा कान चांगला आहे," ते म्हणाले. "इंजिन काय बोलतंय ते त्याला ऐकू येतं. ते शिकवून येत नाही."

"म्हणजे तुमच्या हाताखाली सोडू म्हणता?"

"नका सोडू," ते ताडकन म्हणाले. "शाळेत घाला. माझं सगळं नुसतं हातावर आहे. नव्या गाड्या आल्या की मला त्यांचं पुस्तक दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. त्याला नकाशा वाचता आला पाहिजे, गुरुजी. कागदावरची गाडी दिसली पाहिजे."

मी घरी आलो. कागद काढला. माझ्या मनात काय काय आले, ते सगळे इथे सांगत नाही. उद्या हा मुलगा कुठल्यातरी मांडवात उभा असेल आणि कोणी विचारील, "शिक्षण?" तेव्हा त्याच्या नावामागचे काही कोणी खोडील का, हेही आले. कदाचित तीस वर्षांनी तो मला दोष देईल, की मी सोळा वर्षांचा होतो, तुम्ही मला अडवले का नाही? देईलही. वडिलांनीही माझ्या भल्याचेच केले होते आणि मी त्यांना मनातल्या मनात दोष दिलाच. ते आज असते, तर मी त्यांना सांगितले असते, की अप्पा, तुमचे गणित बरोबर होते. फक्त मधल्या जागेवर तुम्ही बसला होता. पण ते नाहीत.

आणि ते खोडलेले 'प्रा.'? ती बॅग माझी होती. ती मुलाच्या गाडीत मी ठेवली होती, त्याने नव्हे. मी सही केली. मग त्याच्या दप्तरावर कागद ठेवला आणि वर पेन्सिलीने, त्याच्याच इतक्या बारीक अक्षरात लिहिले: सामान उतरवले.

त्याने ते वाचले की नाही, मला माहीत नाही. तो विषय आम्ही काढला नाही. फक्त त्या रात्री जेवताना त्याने तिसरी पोळी मागून घेतली. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि तूप थोडे जास्त वाढले.

ऑगस्टपासून तो जाऊ लागला. पहाटेच्या एस.टी.ने जातो, संध्याकाळी काळ्या हातांनी परततो. पहिले दोन महिने सोपे गेले नाहीत. एकदा त्याचे बोट चेंगरले, एकदा कुणी म्हणाले, "मास्तरचा मुलगा असून इथे?" आणि तो दिवसभर घुम्म राहिला. मी विचारले नाही. खड्यात उभे राहणाऱ्याने दर फेरीला हात दाखवून गाडी थांबवायची नसते, एवढे मी शिकलो आहे. मोठे कठीण काम आहे ते. चालवणे त्याच्या मानाने सोपे असावे.

हे लिहीत असताना दसरा नुकताच झाला आहे. खंडेनवमीला त्याने गॅरेजातल्या पान्यांची पूजा केली आणि घरातल्या माझ्या लेखणीलाही हळदकुंकू लावले. काल संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात ड्रॉइंगची वही होती.

"बाबा, हे जमत नाहीये. एकच भाग समोरून, वरून आणि बाजूनं काढायचाय. तीन चित्रं एकमेकांशी जुळतच नाहीत."

मी चष्मा पुसला. वीस-बावीस वर्षे मी मुलांना फुलदाणी काढायला शिकवली. माझ्या विद्येचा उपयोग कोणाच्या इंजिनाला होईल, असे वाटले नव्हते. मी पेन्सिल हातात घेतली, मग परत त्याच्या हातात दिली आणि खुर्ची सरकवून त्याच्या बाजूला, जरासा मागे बसलो. तो रेघ ओढत होता, मी बघत होतो. चुकली तिथे बोट ठेवत होतो, तेही त्याने विचारले तर.

त्या मोटारीतल्या बाजूच्या बैठका शर्यतीसाठी काढून टाकल्या होत्या, हे खरे. पण रस्त्यावरच्या गाडीत त्या असतात. चालकाच्या थोड्या मागे. तिथे बसलेल्या माणसाला सुकाणू हाती नसते, पण पुढचा रस्ता छान दिसतो.

धाकटीने यंदाच्या किल्ल्याचे फर्मान काढले आहे. काळी वाट पाहिजेच, आणि गेल्या वर्षीपेक्षा रुंद. गोलंदाजाचे मुंडके पुन्हा निघाले आहे. डिंक आणायची कामगिरी माझ्याकडे आली आहे. सूचना मात्र करायच्या नाहीत, असे तिने मला आधीच बजावून ठेवले आहे.